मधुमेहाला घाबरू नका, पण त्याला विसरूही नका

साखरेचा आजार हा शेठजींचा आजार, असे आपल्या वस्त्यांतून पूर्वी म्हटले जात असे. ज्याला दूधतूप आणि मिठाई गादीवर बसून खायला मिळते त्याला मधुमेह व्हायचा. ज्याच्या वाट्याला घाम आणि कोरडी भाकरी आली त्याला तो शिवणारही नाही, अशी आपली भाबडी समजूत होती. आज चित्र काय आहे? रविवारची वंदना आटोपल्यावर विहाराच्या ओट्यावर दहा-बाराजण बसले की त्यात दोघा-तिघांच्या खिशात साखरेची गोळी निघते. कोणी सफाई खात्यात आहे, कोणी गिरणीतून घरी बसलेला आहे, कोणी चार घरची धुणीभांडी करणारी माउली आहे. यांच्यापैकी शेठजी कोणीच नाही.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार आपल्या देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर उभे आहेत. म्हणजे शंभर प्रौढ माणसांत अकराजणांना हा आजार आहे. इतका मोठा आजार गरिबाच्या दारावरून न थांबता पुढे कसा जाईल?

उलट, गरिबाला तो अधिक सहज गाठतो असे म्हणायला जागा आहे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतील माता आणि बालके यांचा अनेक वर्षे अभ्यास केला. त्यांना असे दिसले की, आपल्याकडची बाळे युरोपातील बाळांपेक्षा वजनाने कमी जन्मतात, पण त्यांच्या अंगात स्नायू कमी आणि चरबी त्या मानाने जास्त असते. आईचे पोट गर्भारपणात उपाशी राहिले की त्याची नोंद बाळाच्या शरीरात होते आणि तेच बाळ मोठेपणी पोटभर खाऊ लागले की मधुमेहाकडे झुकते. पिढ्यान् पिढ्या अर्धपोटी राहिलेल्या समाजाने ही गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. किडकिडीत माणसालाही मधुमेह होतो, तो यामुळेच. तेव्हा "मी कुठे जाडा आहे?" असे म्हणून तपासणी टाळू नये.

बाबासाहेबांनी झेललेला आजार

आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे की, परमपूज्य बाबासाहेबांनाही मधुमेह होता. १९४७-४८ च्या काळात, एकीकडे राज्यघटनेचा मसुदा तयार करण्याचे अवाढव्य काम अंगावर असताना, दुसरीकडे मधुमेह आणि पायांच्या शिरांचे दुखणे त्यांना छळत होते. १५ एप्रिल १९४८ रोजी त्यांचा विवाह डॉ. शारदा कबीर यांच्याशी झाला. त्याच आपल्या माईसाहेब. त्या स्वतः डॉक्टर होत्या आणि बाबासाहेबांची औषधे व पथ्यपाणी त्यांनी सांभाळले. 'डॉ. आंबेडकरांच्या सहवासात' या आत्मचरित्रात त्यांनी त्या दिवसांविषयी लिहिले आहे.

जरा हिशेब मांडून पाहा. २६ नोव्हेंबर १९४९ ला घटना स्वीकारली गेली. १९५० मध्ये औरंगाबादला महाविद्यालय सुरू झाले. हिंदू कोड बिलासाठी लढा झाला आणि १९५१ साली त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ लिहून झाला आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षेचा तो अपूर्व सोहळा झाला. ही सारी कामे एका मधुमेही माणसाने केली. म्हणून मधुमेह झाला की "आता संपले सगळे" असे म्हणून हातपाय गाळायचे कारण नाही. पण त्याचबरोबर हेही लक्षात ठेवावे की, आज जी औषधे आणि तपासण्या आपल्या गल्लीतील दवाखान्यात मिळतात, त्यातली बरीचशी त्या काळी कोणालाच उपलब्ध नव्हती. आपण ती हाताशी असून वापरत नसू, तर तो दोष आजाराचा नव्हे.

आजार म्हणजे नेमके काय?

आपण खातो त्या भाकरी-भाताची पोटात साखर होते आणि ती रक्तात जाते. रक्तातून ती शरीराच्या कणाकणात शिरावी लागते, तरच तिची शक्ती होते. तिला आत घेणारी चावी म्हणजे इन्सुलिन. ही चावी पोटातील स्वादुपिंड तयार करते. चावी कमी पडली किंवा कुलूपच गंजले की साखर रक्तात साचून राहते. घरात धान्याची कोठी भरलेली आणि चूल मात्र विझलेली, अशी शरीराची अवस्था होते. म्हणून मधुमेही माणूस पुष्कळ खाऊनही थकलेला असतो. वारंवार लघवी, सारखी तहान, वजन उतरणे, जखम न भरणे, हातापायाला मुंग्या ही त्याची लक्षणे होत. मात्र कित्येकांना वर्षानुवर्षे एकही लक्षण जाणवत नाही. यासाठी तीस वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकाने तपासणी करून घ्यावी. सरकारी आरोग्य केंद्रांत तिशीपुढील लोकांची ही तपासणी विनामूल्य होते.

आकडे पाठ करण्यास सोपे आहेत. रात्रभर उपाशी राहून सकाळी तपासलेली साखर १०० च्या आत असावी. १०० ते १२५ म्हणजे उंबरठा. १२६ किंवा त्याहून अधिक दोन वेळा आली तर मधुमेह. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एक तपासणी असते, तिला एचबीएवनसी म्हणतात. ती ६.५ किंवा अधिक असेल तर मधुमेह समजतात. उपचार सुरू असलेल्या बहुतेकांनी उपाशीपोटी ८० ते १३०, जेवणानंतर दोन तासांनी १८० च्या आत आणि तीन महिन्यांची सरासरी ७ च्या आत ठेवण्याचा प्रयत्न करावा, असे सांगितले जाते. वृद्धांसाठी डॉक्टर ही मर्यादा थोडी सैल ठेवतात.

बँकेतील शिल्लक आणि महिन्याचा जमाखर्च यात जो फरक, तोच रोजच्या साखरेत आणि तीन महिन्यांच्या सरासरीत आहे. तपासणीच्या आदल्या दोन दिवशी पथ्य पाळून शिल्लक बरी दाखवता येते, पण तीन महिन्यांचा जमाखर्च खोटे बोलत नाही.

गोळी बंद का करू नये?

आमच्या वस्तीत एक सफाई कामगार होते. मधुमेह निघाला, गोळ्या सुरू झाल्या, तीन महिन्यांत साखर खाली आली. कागदावर आकडा बरा दिसताच त्यांनी गोळी सोडून दिली. "बरे झाल्यावर औषध कशाला? रोज गोळी खाऊन मूत्रपिंड खराब होते," असे त्यांना कोणी शेजाऱ्याने सांगितले होते. पुढे दोन वर्षे त्यांनी तपासणीच केली नाही. गमबुटात बोटाला फोड आला, तो दुखला नाही म्हणून दुर्लक्ष झाले. शेवटी दोन बोटे कापावी लागली. कामावर जाणे सहा महिने बंद झाले, मुलीचे बारावीनंतरचे शिक्षण थांबले आणि घरच्या बाईने दुसऱ्याच्या घरी कामाला जाण्यास सुरुवात केली. एक गोळी सोडली, त्याची किंमत चार माणसांनी भरली.

यात समजून घेण्याचा मुद्दा असा की, साखर खाली आली ती गोळीमुळे आली. छत्री धरली म्हणून आपण भिजलो नाही, यावरून पाऊस थांबला असे म्हणून छत्री मिटायची नसते. मूत्रपिंड खराब होते ते बहुतांशी वाढलेल्या साखरेने आणि वाढलेल्या रक्तदाबाने. गोळी त्यापासून राखण करते. कधी कधी वजन उतरल्यावर आणि आहार सुधारल्यावर डॉक्टर गोळ्या कमी करतात, क्वचित बंदही करतात. पण तो निर्णय तपासणी पाहून डॉक्टरांनी घ्यायचा, शेजाऱ्याने नाही. आम्ही स्वतः डॉक्टर नाही. येथे जे लिहीत आहोत ते डॉक्टरांशी नीट बोलता यावे, प्रश्न विचारता यावेत, एवढ्यासाठी.

गोळ्यांचे प्रकार दोन-चार लक्षात ठेवले तर पुरे. मेटफॉर्मिन ही जुनी, स्वस्त आणि बहुतेकांना प्रथम दिली जाणारी गोळी. ती जेवणासोबत किंवा जेवणानंतर घ्यावी, म्हणजे पोट बिघडत नाही. सुरुवातीला जुलाब, पोटफुगी झाली तर घाबरून न सोडता डॉक्टरांना सांगावे. ती वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत ब-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकते, म्हणून त्याची तपासणी मागावी. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या न्याहारीच्या किंवा जेवणाच्या वेळेस घ्यायच्या असतात. त्या घेतल्या आणि जेवण केले नाही, तर साखर एकदम उतरते. पहाटे गोळी घेऊन रिकाम्या पोटी कामावर धावणाऱ्या भगिनींनी हे विशेष लक्षात ठेवावे.

खर्चाची काळजी आम्हाला कळते. पण औषध महाग असलेच पाहिजे असे नाही. महापालिकेच्या दवाखान्यांत आणि सरकारी रुग्णालयांत मधुमेहाच्या नेहमीच्या गोळ्या मोफत मिळतात. तेथे न मिळाल्यास जनऔषधी केंद्रात तीच गोळी कंपनीच्या नावाच्या गोळीपेक्षा कितीतरी कमी दरात मिळते. डॉक्टरांना औषधाचे मूळ नाव लिहून देण्याची विनंती करावी. काही नव्या गोळ्या पूर्वी आपल्या आवाक्याबाहेर होत्या. त्यातील सिटाग्लिप्टिनचे पेटंट २०२२ मध्ये आणि एम्पाग्लिफ्लोझिनचे २०२५ मध्ये संपले आणि त्यांच्या किमती बऱ्याच उतरल्या. जुनी चिठ्ठी घेऊन वर्षानुवर्षे महागडी गोळीच घेत असाल तर एकदा विचारून पाहण्यास काय हरकत आहे?

इन्सुलिनची भीती

"इन्सुलिन सुरू झाले म्हणजे शेवट आला," हा आणखी एक गैरसमज. १९२१ साली कॅनडातील टोरोंटो येथे फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी इन्सुलिन शोधले आणि १९२२ च्या जानेवारीत ते पहिल्यांदा एका मुलाला दिले गेले. त्यापूर्वी ज्या मुलांच्या शरीरात इन्सुलिन तयारच होत नसे, ती मुले डोळ्यांदेखत झिजून मरत. या औषधाचे हक्क विद्यापीठाला अवघ्या एका डॉलरच्या नाममात्र मोबदल्यात देण्यात आले, कारण ते सर्वांना मिळावे अशी इच्छा होती. १४ नोव्हेंबर हा बँटिंग यांचा जन्मदिवस जागतिक मधुमेह दिन म्हणून पाळतात. असे औषध म्हणजे शेवट कसा असेल? स्वादुपिंड थकले की बाहेरून चावी द्यायची, इतकेच.

इन्सुलिन घेणाऱ्यांनी तीन गोष्टी सांभाळाव्यात. पहिली, सिरिंज. आपल्याकडे बाटलीतील इन्सुलिन बहुधा ४० युनिटचे असते आणि त्याची सिरिंज लाल टोपणाची असते. १०० युनिटच्या इन्सुलिनची सिरिंज नारिंगी टोपणाची. यांची अदलाबदल झाली तर मात्रा अडीचपट चुकते. म्हणून औषधाच्या दुकानात बाटली दाखवूनच सिरिंज घ्यावी. दुसरी गोष्ट, साठवण. न उघडलेली बाटली फ्रिजमध्ये ठेवावी, बर्फाच्या कप्प्यात नव्हे, कारण गोठलेले इन्सुलिन निकामी होते. ज्यांच्या घरी फ्रिज नाही त्यांनी बाटली डब्यात घालून, डबा प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून, पाण्याच्या माठात ठेवावा. उघडलेली बाटली सुमारे चार आठवडे वापरावी, तीही उन्हापासून आणि चुलीपासून दूर ठेवून. तिसरी गोष्ट, टोचण्याची जागा रोज थोडी बदलावी. एकाच ठिकाणी टोचत राहिल्यास गाठ होते आणि औषध नीट लागू पडत नाही.

आपल्या ताटाचा हिशेब

आता जेवणाकडे वळू. मधुमेहाचे पथ्य म्हणजे बदाम, ओट्स आणि महागडी बिस्किटे, असे जाहिराती पाहून वाटते. तसे काही नाही. आपल्याच स्वयंपाकघरात सर्व आहे, फक्त प्रमाण बदलायचे आहे.

सर्वांत आधी चहा. एका कपात दोन चमचे साखर म्हणजे सुमारे १० ग्रॅम. कामाच्या ठिकाणी, घरी आणि पाहुण्यांबरोबर मिळून दिवसाला पाच कप झाले तर ५० ग्रॅम. महिन्याला दीड किलो साखर एका माणसाच्या पोटात केवळ चहातून जाते! मधुमेहीने चहा सोडावा असे आम्ही म्हणत नाही. दोन कप प्यावा, बिनसाखरेचा प्यावा. पंधरा दिवस जड जातात, मग जीभ रुळते. आणि घरी आलेल्या पाहुण्याने "नको" म्हटले तर आग्रह करू नये. आपल्या समाजात प्रेमाने पाजलेल्या चहाने पुष्कळांची साखर वाढवली आहे.

साखरेऐवजी गूळ किंवा मध चालतो हा समज चुकीचा आहे. दोन्ही रक्तात साखरच होतात.

ताटाचे चार भाग कल्पावेत. दोन भाग भाजी: मेथी, चवळी, शेपू, गवार, दोडका, कोबी, काकडी, मुळा. एक भाग डाळ, मोड आलेली मटकी किंवा मूग, अंडे, मासा, कोंबडी. आणि एकच भाग भाकरी, चपाती किंवा भात. आपल्या ताटात नेमके उलटे असते. भाताचा ढीग, त्यावर पातळ आमटी आणि कडेला चिमूटभर भाजी. रेशनचा तांदूळ मिळतो म्हणून भात जास्त होतो, हे खरे आहे. त्यावर उपाय म्हणजे भाताची एक वाटी ठरवून घ्यावी आणि आमटीत डाळ वाढवावी.

ज्वारी, बाजरी, नाचणीची भाकरी उत्तम. तिच्यातील चोथ्यामुळे साखर हळूहळू चढते. पण भाकरी म्हणून चार खाव्यात असे नाही. पिठूळपणा तिच्यातही आहे. कामाच्या श्रमाप्रमाणे एक किंवा दोन ठीक. बोंबील, सुकट, जवळा यांत भरपूर प्रथिने आहेत आणि ते आपल्या खिशाला परवडतात. मात्र सुक्या मासळीत मीठ फार असते, म्हणून ती नीट धुऊन घ्यावी आणि रक्तदाब असणाऱ्यांनी जपूनच खावी. मटणाच्या दिवशी रश्श्यावरचा तेलाचा तवंग बाजूला सारावा. वडापाव, भजी, फरसाण ही रोजची न्याहारी होऊ देऊ नये. तीच रक्कम उकडलेल्या अंड्यात किंवा मूठभर फुटाण्यांत घातली तर पोटही भरते आणि साखरही आवरते. फळांत पेरू, पपई, संत्रे, जांभूळ बेताने चालते. रस काढून पिऊ नये. आंबा, चिकू, सीताफळ यांची एखादी फोड, ती जेवणाला जोडून नव्हे.

येथे घरच्या पुरुषांना दोन शब्द. आपल्या घरांत बाई सर्वांत शेवटी जेवते. भाजी संपलेली असते, उरलेला भात आणि शिळी चपाती तिच्या वाट्याला येते. तिला मधुमेह असेल तर वेळ टळते, साखर उतरते आणि मग एकदम भाताने चढते. ज्या बाबासाहेबांनी स्त्रीच्या हक्कासाठी मंत्रिपद सोडले, त्यांच्या अनुयायांच्या घरी तरी सर्वांनी एकत्र, एकाच वेळी जेवायला बसण्याची पद्धत पडायला हवी. गर्भवती भगिनींची साखर पहिल्या भेटीत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान तपासून घ्यावी.

साखर उतरली तर

घाम सुटणे, हात थरथरणे, छातीत धडधड, डोळ्यांपुढे अंधारी, एकाएकी चिडचिड किंवा असंबद्ध बोलणे ही साखर उतरल्याची खूण. साखर ७० च्या खाली गेली असे समजावे आणि यंत्राची वाट न पाहता तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात विरघळवून द्यावे. पंधरा मिनिटांनी बरे न वाटल्यास पुन्हा द्यावे आणि मग काहीतरी खायला द्यावे. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नये, ते श्वासनलिकेत जाते. ताबडतोब रुग्णालयात न्यावे. मधुमेही माणसाने खिशात साखरेची पुडी नेहमी ठेवावी. रस्त्यात पडलेल्या अशा माणसाला लोक दारूडा समजून पुढे जातात, म्हणून "मला मधुमेह आहे" अशी चिठ्ठी खिशात असावी.

दारूचा विषय निघालाच आहे तर सांगतो. पंचशीलातील पाचवे शील मधुमेहीसाठी औषधच आहे. गोळी किंवा इन्सुलिन घेऊन रिकाम्या पोटी दारू प्यायल्यास रात्री झोपेत साखर उतरून जीव जाऊ शकतो. तंबाखू, बिडी आणि मशेरी यांनाही सुट्टी द्यावी. त्यांनी रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि पायाच्या जखमा भरत नाहीत.

पाय, डोळे आणि खोकला

मधुमेहात पायाची संवेदना हळूहळू कमी होते. खडा रुतला, बूट चावला तरी कळत नाही. रोज रात्री पाय धुऊन, पुसून, तळवे आणि बोटांमधल्या बेचक्या पाहाव्यात. स्वतःला दिसत नसेल तर मुलांना पाहायला सांगावे किंवा आरसा धरावा. गमबूट घालणाऱ्यांनी आत सुती मोजे घालावेत आणि बूट घालण्याआधी तो उपडा करून झटकावा. कुरूप ब्लेडने कापू नये. गरम पाण्याची पिशवी पायाला लावू नये. जखम दिसली की हळद भरून वाट न पाहता दवाखाना गाठावा.

वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा, लघवीतील प्रथिने आणि रक्तातील क्रिएटिनीन तपासावे. मधुमेह्यांना क्षयरोग होण्याचा धोका इतरांच्या दुप्पट-तिप्पट असतो. दाटीच्या वस्तीत राहणाऱ्यांनी दोन आठवड्यांचा खोकला अंगावर काढू नये.

उपोसथ, वर्षावास आणि ६ डिसेंबर

वर्षावासात आणि पौर्णिमेला अनेक उपासक-उपासिका अष्टशील घेतात आणि मध्यान्हानंतर भोजन करीत नाहीत. ज्यांना साखर उतरवणारी गोळी किंवा इन्सुलिन सुरू आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय असे करू नये. यात शीलभंगाची भीती बाळगण्याचे कारण नाही. स्वतः तथागतांनी आजारी भिक्खूंसाठी नियमांत सवलती दिल्या होत्या. तूप, लोणी, तेल, मध आणि काकवी ही औषध म्हणून घेण्यास परवानगी होती. आजाऱ्याकडे नियमावर बोट ठेवून न पाहता करुणेने पाहणे ही बुद्धाची शिकवण आहे.

६ डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवर जाणाऱ्या मधुमेह्यांनी तयारी करूनच निघावे. रांगेत तासन् तास उभे राहावे लागते. गोळ्या आणि चिठ्ठी अंगावरच्या पिशवीत असावी, गठुड्यात नको. भाकरी-चटणी, फुटाणे, साखरेची पुडी आणि पाणी जवळ असावे. अनवाणी चालू नये, जुन्या सवयीच्या चपला घालाव्यात, नव्या नकोत. चक्कर आल्यास संकोच न करता शिवाजी पार्कवरील वैद्यकीय मदत केंद्रात जावे. बाबासाहेबांना अभिवादन करून सुखरूप घरी परतणे हाही अभिवादनाचाच भाग आहे.

जेवणाच्या प्रमाणाविषयी संयुत्त निकायात एक प्रसंग आहे. कोसलचा राजा पसेनदी एका वेळी द्रोणभर भात खाई. असाच जेवून धापा टाकीत तो तथागतांपाशी आला. तेव्हा तथागतांनी, जो भानावर राहून प्रमाणात जेवतो त्याचे दुखणे कमी होते आणि म्हातारपण सावकाश येते, अशा अर्थाची गाथा सांगितली. राजाने सुदस्सन नावाच्या तरुणाला ती पाठ करायला लावली आणि रोज जेवताना म्हणून दाखवण्यास सांगितले. त्याबद्दल तो त्याला रोज शंभर कार्षापण देऊ लागला. हळूहळू राजाचा आहार नाळीभर भातावर आला आणि शरीर हलके झाले. राजाला आठवण करून देणारा माणूस पगारी ठेवावा लागला. आपल्या घरी ती आठवण मुले, नातवंडे फुकट करून देतात. त्यांच्यावर रागावू नये.

बुवाबाजीपासून सावध

"एकवीस दिवसांत मधुमेह मुळापासून बरा" अशा जाहिराती रोज दिसतात. कोणी पूड विकतो, कोणी कडे, कोणी मंतरलेले पाणी. १९५४ च्या औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने ज्या रोगांवर उपचाराच्या अशा जाहिराती करण्यास बंदी आहे, त्या यादीत मधुमेहाचे नाव आहे. म्हणजे अशी जाहिरात करणारा कायदाच मोडत असतो. त्याच्या भरवशावर चालू गोळी बंद करणे धोक्याचे आहे. कारल्याचा रस, मेथीदाणे आहारात जरूर असावेत, पण गोळीच्या जागी नव्हेत. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या माणसाने गंडेदोरे नाकारले, तसेच ही नव्या वेष्टनातली बुवाबाजीही नाकारावी.

विहारात काय करता येईल?

सगळा भार एकट्या रोग्यावर टाकू नये. महिला मंडळे आणि तरुण मंडळे काही साध्या गोष्टी सहज करू शकतात. वर्गणीतून साखर तपासण्याचे एक यंत्र घ्यावे आणि महिन्यातून एका रविवारी वंदनेनंतर तपासणी ठेवावी. सुई मात्र प्रत्येकाला नवी, यात काटकसर नको. जयंती आणि बुद्ध पौर्णिमेला खीर जरूर वाटावी, पण शेजारी बिनसाखरेच्या मोडाच्या उसळीचे पातेलेही ठेवावे. सायंकाळी अर्धा तास एकत्र चालण्याचा परिपाठ ठेवावा, त्यात वृद्धांची सोबतही होते. ज्याला वाचता येत नाही त्याच्या गोळ्यांच्या पाकिटावर सूर्य आणि चंद्र काढून सकाळ-रात्र दाखवावी. सरकारी दवाखान्यात गोळ्यांचा साठा संपला असे वारंवार ऐकू आले, तर चार-पाचजणांनी मिळून वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. तोंडी तक्रार हवेत विरते, पोच घेतलेला अर्ज मात्र टेबलावर राहतो.

शिका, संघटित व्हा, संघर्ष करा, ही हाक आपण सभेत देतो. ती दवाखान्याच्या रांगेतही लागू पडते. आपला आकडा शिका, वस्तीत एकत्र या आणि जिभेच्या मोहाशी रोज थोडा संघर्ष करा. हा लेख वाचून या रविवारी घरातील एका तरी तिशीपुढील माणसाची साखर तपासून घेतली, तर लिहिल्याचे सार्थक झाले असे आम्ही समजू.

जयभीम!